नदीकाठी ‘नको’ म्हणायची सोय ठेवा : राफ्टिंगच्या सहली नेणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, खारघर इथून दर शनिवार-रविवारी कोलाडला सहली नेणारे सर्व आयोजक

स.न.वि.वि.

मी कळव्याला राहते, नोकरी नौपाड्यात. गेल्या ऑगस्टमधल्या एका शनिवारी तुमच्यापैकी एकाच्या बसने आम्ही चार मैत्रिणी कोलाडला गेलो होतो. कॉलेजपासूनची ओळख आमची. लग्नं, बदल्या, मुलांच्या परीक्षा हे सगळं सांभाळून वर्षातला एक दिवस आम्ही चौघींचा म्हणून राखून ठेवतो. गेल्या वर्षी राफ्टिंग ठरलं, आणि त्या दिवशी आमच्यातली एक जण कोलाडच्या कुंडलिका नदीत बुडता बुडता वाचली.

बस कोणाची होती, नदीवर कोणती कंपनी होती, हे मी लिहिणार नाही. एक नाव लिहिलं की बाकीचे सगळे वाचून म्हणतील, हा आपला विषय नाही. मैत्रिणीचंही नाव लिहीत नाही, कारण तिने तसं सांगितलंय. पत्र मात्र तिने वाचलंय आणि एका ठिकाणी दुरुस्त केलंय. ते पुढे येईलच.

पत्र राफ्टिंगवाल्यांना न लिहिता तुम्हाला का, असं तुम्ही विचाराल. राफ्ट तुम्ही चालवत नाही हे मला माहीत आहे. पण जाहिरात तुमची, पैसे तुमच्या खात्यात, बस तुमची. नदीवर कोण बसणार, कोणत्या तब्येतीचं माणूस बसणार, किती घाईत बसणार, हे सगळं कोलाड येण्याआधीच ठरून जातं. आमचं ते बसमध्येच ठरलं होतं. कसं, ते सांगते.

बस पहाटे साडेचारला तीन हात नाक्यावरून सुटणार होती, ती पाच वाजून दहा मिनिटांनी सुटली. ऐरोली, वाशी असं करत खारघरला आलो, तर तिथल्या एका ग्रुपची दोन माणसं घरातूनच निघायची होती. अर्धा तास तिथे गेला. पाऊस धो धो. कळंबोली सोडल्यावर तुमच्या ट्रिप लीडरने पुढून फॉर्मचा गठ्ठा पाठवला. बाहेर ढगांमुळे अजून अंधार, आतले दिवे बंद, कारण निम्मी बस झोपलेली. मोबाइलच्या टॉर्चमध्ये मी तो फॉर्म पाहिला. इंग्रजीत, दोन्ही बाजूंनी छापलेला, झेरॉक्सची झेरॉक्स काढून काढून अक्षरं पुसट झालेली. खाली आजारांचे चौकोन : दमा, हृदयविकार, फिट्स, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गरोदरपण. त्याखाली एक मोठा परिच्छेद, ज्याचा अर्थ इतकाच की काही झालं तर जबाबदारी आमची. पुढून आवाज आला, “वाचत बसू नका, फक्त सही करून मागे पाठवा. आपल्याला उशीर झालाय.”

मैत्रीण माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. आदल्या रात्री तिची सेकंड शिफ्ट होती, जेमतेम तीन तास झोप मिळालेली. मी तिला उठवलं नाही. तिचा फॉर्म मीच भरला.

दम्यापुढे मी ‘नाही’वर खूण केली.

तिला दमा आहे हे मला गेली पंधरा वर्षं माहीत आहे. कॉलेजात असताना प्रॅक्टिकलच्या मध्येच तिला पंप शोधून दिलेली मी. पण गेली तीन-चार वर्षं तिला त्रास झाल्याचं ऐकलं नव्हतं. वाटलं, ‘आहे’ लिहिलं तर उगाच तिला काठावर बसवून ठेवतील, तिचा दिवस वाया जाईल. चौकोनांच्या सगळ्या रांगेवर ‘नाही, नाही, नाही’ करत गेले आणि तिच्या नावाची सही ठोकली. ही चूक माझी आहे, तुमच्यावर मी ती ढकलणार नाही. पण पहाटे अंधारात, हलत्या बसमध्ये, झोपलेल्या माणसाच्या शेजारणीला असा फॉर्म देणं ही पद्धत तुमची आहे. आमच्या त्या बसमध्ये कितीतरी नवऱ्यांनी बायकांचे आणि आयांनी मुलांचे फॉर्म असेच भरले. मी पाहत होते.

नागोठण्याला अंबा नदी ओलांडली तेव्हा मी जागी होते. माझं आजोळ तिथलंच. जुलै १९८९ मध्ये याच नदीच्या पुराने जांभूळपाड्याची वाताहत केली आणि नागोठण्यातही घराघरांत पाणी शिरलं. माझ्या आजीने तो पूर पाहिला होता. पुढे ती होती तोवर पावसाळ्यात एस.टी. पुलावर आली की बोलायची थांबायची, आणि पूल संपला की जिथे वाक्य सोडलं होतं तिथून पुढे सुरू करायची. लहानपणी मला त्याची गंमत वाटायची. त्या दिवशी अंबेचं तांबडं पाणी पाहिलं आणि तरीही मनात काही आलं नाही. आपण सहलीला चाललोय, माणशी चोवीसशे रुपये भरलेत, माहितगार माणसं बरोबर आहेत, एवढंच डोक्यात होतं.

कुंडलिकेचं पाणी कसं चालतं हे मला नंतर कळलं. तुम्हाला ते आधीपासून माहीत असायला हवं, म्हणून लिहिते. राफ्टिंग होतं ते पाणी येतं घाटमाथ्यावरच्या मुळशीच्या धरणातून. बोगद्यांतून आणि पाइपांतून ते खाली भिऱ्याच्या वीजघरात उतरतं. हे वीजघर १९२७ पासून चालू आहे. (याच धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ मध्ये मुळशीचा सत्याग्रह उभा केला होता. मावळातली गावं त्या पाण्याखाली गेली. राफ्टमध्ये बसण्याआधी एवढं तरी कोणी सांगायला हवं, असं मला वाटतं.) वीज करून झालेलं पाणी पुढे कुंडलिकेत येतं. सकाळी पाणी सुटलं की नदी चढते आणि काही तासांनी पुन्हा खाली बसते. राफ्टिंग होतं ते त्या मधल्या वेळात. पावसाळ्यात भोवतालच्या डोंगरांतले ओढेही त्यातच येऊन मिळतात, त्यामुळे आजची नदी कालच्यासारखी असेलच असं नाही. तुमच्या जाहिरातीत ‘ग्रेड २-३’ असं लिहिलेलं असतं. खळाळ किती अवघड याची ही मोजपट्टी एक ते सहा अशी आहे आणि पाणी वाढलं की तोच खळाळ वरच्या ग्रेडला जातो, हे मात्र जाहिरातीत नसतं.

म्हणजे खारघरला गेलेला अर्धा तास नुसता अर्धा तास नव्हता. नदीचं घड्याळ चालू होतं. पेण, वडखळ, हायवेची कामं, खड्डे. आम्ही काठावर पोहोचलो तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते आणि राफ्टिंगवाले खोळंबले होते. मग सगळंच पळापळीत झालं. लाइफ जॅकेट आणि हेल्मेट बसच्या दारातच वाटली. कोणाला कुठलं बसतं हे पाहायला वेळ नव्हता, हाताला येईल ते अंगावर. सूचना चार मिनिटांत उरकल्या. ‘फॉरवर्ड’ म्हटलं की काय करायचं, ‘बॅक’ म्हटलं की काय, पाण्यात पडलात तर पाठीवर झोपा, पाय पुढे, बोटं वर. मागे उभ्या असलेल्यांना पावसात निम्मं ऐकू आलं नाही. आमची चौकडी मागेच होती.

आता ती दुरुस्ती. या ठिकाणी मी आधी लिहिलं होतं, “पाणी पाहून ती जरा घाबरली.” मैत्रिणीने ते खोडलं आणि शेजारी लिहिलं : “मी नको म्हणाले होते. तीनदा.”

खरं आहे. पहिल्यांदा ती आम्हाला म्हणाली, “अगं, पाणी फार आहे, मी इथेच थांबते.” आम्ही तिघी म्हणालो, “चल गं, काही होत नाही, एकदा बसून तर बघ.” दुसऱ्यांदा ती ट्रिप लीडरला म्हणाली, “दादा, मला नाही यायचं.” तो म्हणाला, “ताई, आता पैसे परत मिळत नाहीत. आणि बस तुम्हाला घ्यायला तिकडे खाली जाणार, इथे कोणी थांबणार नाही. एकट्या काय करणार?” तिसऱ्यांदा ती राफ्टमध्ये बसता बसता पुन्हा पुटपुटली, “नको वाटतंय गं.” मी तिचा हात धरून तिला आत ओढलं. तिने हसून घेतलं. ते हसू माझ्या फोनमधल्या फोटोत आहे.

एका राफ्टमध्ये आम्ही आठ जण आणि मागे गाइड. गाइड नदीकाठच्याच गावातला, पंचविशीच्या आतबाहेरचा मुलगा. पहिले दोन खळाळ मजेत गेले. आम्ही ओरडत होतो, पाणी अंगावर घेत होतो. ती डावीकडे माझ्या पुढे बसली होती. वजन जेमतेम बेचाळीस किलो आणि अंगात मोठ्या माणसाचं जॅकेट. बाजूचे पट्टे पूर्ण ओढूनही सैल. ते तेव्हा मला दिसत होतं. जॅकेट बरोबर बसलंय का हे बघायला दोन सेकंद लागतात : खांद्यांवरचे पट्टे धरून वर उचलायचं, जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते त्या माणसाचं नाही. ही गोष्ट मला त्या गाइडने सांगितली, पण दुपारी.

तिसऱ्या की चौथ्या खळाळात राफ्टची डावी बाजू खडकाला घासून वर चढली आणि धपकन खाली आली. खाली आली तेव्हा माझ्या पुढची जागा रिकामी होती.

पुढचं सगळं राफ्टवरच्या कॅमेऱ्यात आहे. तो व्हिडिओ आम्हाला नंतर पाचशे रुपयांत मिळाला. पडल्यापासून दोर हातात येईपर्यंत सत्तर सेकंद. मी ते मोजलेत. त्यातले वीसेक सेकंद तिचं तोंड दिसतच नाही.

आधी तिचं हेल्मेट वर आलं. मग जॅकेट. जॅकेट नाकापर्यंत चढलेलं, आणि त्याच्या आत ती. दोन्ही हातांनी ती ते खाली ओढत होती. मग तिने आपल्यापैकी कोणीही करेल तेच केलं. पाणी छातीइतकंच आहे असं वाटून तिने उभं राहायचा प्रयत्न केला. मागून गाइड जिवाच्या आकांताने ओरडला, “ताई, उभं राहू नका! पाय वर! पाय वर!” वाहत्या पाण्यात उभं राहिलं की पाय दगडांच्या फटीत अडकतो आणि पाणी माणसाला पुढे दाबून आडवं करतं. तिचा उजवा पाय अडकला. सँडलचा पट्टा तुटला म्हणून सुटला. सँडल कुंडलिकेत राहिली. पट्टा नवा आणि पक्का असता तर काय झालं असतं, हा विचार मला अजूनही रात्री उठवतो.

सुटली ती सरळ डाव्या काठाकडे गेली. तिथे एक उंबर पाण्यावर कलंडलेला होता, त्याच्या फांद्या प्रवाहात बुडालेल्या. लांबून तो आधार वाटतो. फांद्यांतून पाणी आरपार जातं आणि माणूस मात्र अडकून राहतो, मागचं पाणी त्याला दाबत राहतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी राफ्टमधून ओरडत होते, “फांदी पकड, फांदी पकड!” तिने पकडली. तिचा चेहरा पाण्याखाली गेला.

पडलेल्याला गाठायला बरोबर एक कयाकवाला, म्हणजे एकट्याच्या छोट्या होडीतला माणूस, होता. चार राफ्टना मिळून एक. तो सगळ्यात पुढच्या राफ्टबरोबर होता, वळणापलीकडे.

गाइडने आमच्याकडून वल्ही मारून घेत राफ्ट एका मोठ्या खडकामागच्या थांबल्या पाण्यात घातली. वेडीवाकडी वल्ही मारत होतो आम्ही, दोघी रडत होत्या. तो खडकावर उतरला आणि दोराची पिशवी फेकली. पहिला दोर तिच्या मागे पडला आणि वाहून गेला. त्याने तो भराभर ओढून घेतला. ओला दोर पुन्हा पिशवीत भरायला वेळ नव्हता, तसाच हातात वेटोळा करून त्याने दुसऱ्यांदा फेकला. तो तिच्या खांद्यावर पडला. “फांदी सोडा! ताई, फांदी सोडून दोर धरा!” असं तो ओरडत राहिला. तिने फांदी सोडली. तो खडकावर खाली बसला, दोन्ही टाचा दगडाला लावल्या, अंग मागे टाकलं, आणि पाण्याच्याच जोराने ती गोल फिरून त्याच्या बाजूच्या काठाला लागली.

तिच्या नखांत उंबराची साल होती. घोट्यापासून वर वीतभर सोललेलं. गाइडच्या दोन्ही तळहातांवर दोराचे लाल पट्टे उठले होते आणि पाण्याची बाटली तोंडाला लावताना त्याचा हात थरथरत होता. मी त्याला हात जोडले तर तो म्हणाला, “ताई, जॅकेट मीच तपासतो नेहमी. आज तुम्ही सगळे बसमधूनच घालून आलात. आणि पाणी निघून चाललं होतं.” त्या मुलाला महिन्याला किती पैसे मिळतात मला माहीत नाही. त्या दिवशी त्या नदीवर आमच्या जबाबदारीचा सगळा भार त्या एकट्याच्या तळहातांवर होता.

यानंतर जे झालं त्याबद्दलही मला तुमच्याशी बोलायचंय, कारण इथे राफ्टिंगवाले नव्हते, फक्त तुम्ही होता. खाली बसपाशी पोहोचलो तेव्हा ती चालत होती, बोलत होती. ट्रिप लीडर म्हणाला, “बघा, एकदम ओके आहेत ताई. जेवून घेऊ, मग धबधबा आहे.” तिला खोकला येत होता. इन्हेलर बॅगेत होता, बॅग बसमध्ये. दोन पफ घेतले, थोडं बरं वाटलं. जेवताना खोकला वाढला, ओठ वेगळेच दिसायला लागले. मी म्हटलं, डॉक्टरकडे न्यायला हवं. उत्तर आलं की एका माणसासाठी चाळीस जणांचा कार्यक्रम बदलता येत नाही. बसमधल्या चाळीस जणांपैकी दोघांनी उठून त्याला सुनावलं, बाकीचे ताटाकडे बघत राहिले. शेवटी ज्या घरगुती खानावळीत आम्ही जेवत होतो तिथल्या काकूंनी मुलाला हाक मारली, त्याने इको गाडी काढली आणि आम्हाला रोह्याला पोहोचवलं. पैसे विचारले तर म्हणाला, “आधी त्यांना आत न्या.”

दवाखान्यात ऑक्सिजन एक्याण्णव भरला. नेब्युलायझर लावला, छातीचा एक्स-रे काढला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “यांना दमा आहे हे राफ्टिंगवाल्यांना सांगितलं होतं का?” मैत्रीण म्हणाली, “मला कोणी विचारलंच नाही.” मी काहीच बोलले नाही. डॉक्टर म्हणाले, नाकातोंडात एवढं पाणी गेलेलं माणूस बरं दिसलं तरी पुढचे काही तास त्याच्यावर नजर ठेवायलाच लागते, त्रास उशिरा सुरू होऊ शकतो. तुम्ही बसमध्ये बसून धबधब्यावर गेला असतात आणि वाटेत दम लागला असता तर अवघड होतं. रात्रभर ठेवून घेतलं. दोघी मैत्रिणी घरी लहान मुलं म्हणून बसने परतल्या, मी थांबले. रात्री कॉटशेजारच्या स्टुलावर बसून मी तिला फॉर्मबद्दल सांगितलं. ती बराच वेळ वर पंख्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “उठवायचंस ना मला.”

रविवारी सकाळच्या गाडीने आम्ही रोह्याहून दिव्याला आलो. घरी तिच्या आईने दार उघडलं. काकूंनी तिला आत घेतलं, तिच्या पायाचं बँडेज पाहिलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, “तिला विचारलं होतंत का नीट, जायचंय का म्हणून?”

मी ट्रिप लीडरला फोन केला तेव्हा तो उद्धट बोलला नाही. म्हणाला, “ताई, वाईट वाटलं. पण आम्ही फक्त बुकिंग करतो. नदीवर जे होतं ती कंपनीची जबाबदारी.” कंपनीत फोन केला तर ते म्हणाले, “माणसं तुमच्या आयोजकाने आणली. आमच्याकडे सगळ्यांच्या सह्यांचे फॉर्म आहेत, तब्येत ठीक आहे असं त्यात लिहिलंय.” म्हणजे शेवटी सगळं येऊन थांबलं त्या कागदावर. मी केलेल्या खोट्या सहीवर.

सहली बंद करा असं माझं म्हणणं अजिबात नाही. आपल्याकडे अपघात झाला की सरसकट बंदी येते, धबधब्यांवर जमावबंदी, नाक्यावर पोलीस, आणि दोन महिन्यांनी सगळं पुन्हा पूर्वीसारखं. त्या बंदीत भरडले जातात ते काठावरचे गाइड आणि त्या खानावळीच्या काकूंसारखी माणसं. त्या मुलाचं काम टिकावं असं मला मनापासून वाटतं. आणि घर-ऑफिसच्या रगाड्यातून बायका एक दिवस बाहेर पडतात, नदीवर जातात, ओरडतात, हसतात, हेही टिकायला हवं.

मला हवंय ते एवढंच की नदीत उतरणाऱ्या प्रत्येक माणसाचं ‘हो’ हे त्याचं स्वतःचं असावं, आणि काठावर उभं राहून ‘नको’ म्हणायला त्याला जागा असावी.

त्यासाठी फॉर्म बसमध्ये देणं थांबवा. बुकिंग करताना प्रत्येकाच्या स्वतःच्या फोनवर पाठवा, मराठीत आणि हिंदीतही. दमा, हृदय, फिट्स, गरोदरपण हे तर विचाराच, शिवाय पोहता येतं का आणि वजन किती हेही विचारा, म्हणजे जॅकेट आधीच मापाचं काढून ठेवता येईल. दमा आहे म्हटल्यावर लगेच नाव कापू नका. इन्हेलर गाइडकडे कोरड्या पिशवीत द्यायचा, का त्या माणसाने काठावर थांबायचं, हे आदल्या दिवशी त्याच्या डॉक्टरला विचारून त्याला ठरवू द्या. मला भीती वाटली ती याचीच, की खरं लिहिलं तर तिला बाजूला काढतील. ती भीती तुम्ही काढलीत तर लोक खरं लिहितील.

पैशांचं तर फारच सोपं आहे. बस, जेवण आणि राफ्टिंग यांचे दर जाहिरातीत वेगळे लिहा, आणि खाली एक ओळ घाला : काठावर येऊन नको म्हणालात तर राफ्टिंगचे पैसे परत. तुम्ही म्हणाल, मग निम्मे लोक ऐनवेळी मागे फिरतील. नाही फिरणार. चाळीसांतले दोन फिरतील, आणि त्या दोघांनी पाण्यात न जाणंच तुमच्याही हिताचं आहे. ते थांबतील तिथे तुमचा एक माणूस थांबवा. एक गाडी शेवटपर्यंत रिकामी ठेवा, धबधब्यासाठी नव्हे, दवाखान्यासाठी. आणि उशीर झाला तर उतरू नका. खारघरला अर्धा तास गेला तर तो सूचनांतून आणि जॅकेट तपासण्यातून कापू नका; पाण्याची वेळ टळली तर त्या दिवशी राफ्टिंग नाही, एवढं ग्रुपला सांगायची तयारी ठेवा. शिव्या खाव्या लागतील. खा.

राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. जमिनीवरचे, पाण्यातले, हवेतले असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असं त्यात आहे. तुम्ही ज्या कंपनीकडे माणसं नेता तिची नोंदणी आहे का, ते बघा आणि कंपनीचं नाव जाहिरातीत लिहा. आम्हाला नदीवर कोणाच्या हाती सोपवणार आहात हे त्या सकाळपर्यंत आम्हाला माहीत नव्हतं. चोवीसशे रुपये देताना मीही ते विचारलं नव्हतं.

आता आम्ही चौघींनी आपापसात एक ठरवलंय. कोणी ‘नको’ म्हणाली तर बाकीच्यांनी ‘चल गं’ म्हणायचं नाही. मैत्रीण परवा महापालिकेच्या तरण तलावावर चौकशी करून आली. बायकांची बॅच सकाळी असते. तिला शिकायचंय. तिच्याबरोबर मीही जाणार आहे.

हे पत्र लिहायला घेतलं त्या दिवशी तुमच्यापैकी एकाची पुढच्या शनिवारची जाहिरात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आली. पिकअप तीन हात नाका, साडेचार. त्यात दिलेल्या नंबरवर मी फोन केला आणि विचारलं, तब्येतीचा फॉर्म आधी मिळेल का.

“फॉर्म ना ताई? तो बसमध्ये देतो आम्ही. काही टेन्शन घेऊ नका.”

शनिवारला अजून चार दिवस आहेत. फॉर्म आजही पाठवता येतील.

कळावे,
आपली,
एक प्रवासी, कळवा (ठाणे)